रुमाल आला की सगळे आले

पूर्व किनाऱ्यावरून निघून पश्चिम किनाऱ्याला पोहोचायचे, अशी आमची सायकलची सहल होती. चौदा माणसे आणि सामानाचा एक टेम्पो. तेराव्या दिवशीची वाट नांदेड ते लातूर. या रस्त्यावरून नोकरीच्या काळात मी कित्येक वर्षे एसटीने ये-जा केली आहे. आपल्या मुलखात शिरताना काहीतरी वाटेल, अशी माझी समजूत होती. काही वाटले नाही. लोहा आले आणि मागे पडले. उजवीकडे दुभाजक, डावीकडे काढणीला आलेला हरभरा, समोरून वारा. तासाभराने पाहावे तर पुन्हा उजवीकडे दुभाजक, डावीकडे हरभरा. पायांचे दुखणेदेखील दोन दिवसांपूर्वी संपले होते. उरले होते ते केवळ पायडल मारणे.

आमच्यात एक रीत होती. रोज एकाने सर्वांत शेवटी राहायचे. त्याच्या सीटमागे लाल रुमाल बांधलेला असे, आणि त्याने कोणालाही ओलांडून पुढे जायचे नाही. थांब्यावर माणसे मोजली जात नसत. रुमाल आला की सगळे आले, असे धरून आमचा म्होरक्या टेम्पो पुढे सोडी. त्या दिवशी रुमाल माझ्याकडे होता.

आणि माझ्या लगेच पुढे, म्हणजे बाकी सगळ्यांच्या मागे, माझे दाजी होते. आक्काचे यजमान, उमरीकडचे, शाळेतून निवृत्त झालेले, वय त्रेसष्ट. त्यांना मधुमेह आहे. गोळी घेऊन जेवण लांबले की साखर एकदम खाली येते. म्हणून निघताना आक्काने खडीसाखरेची एक छोटी डबी माझ्या हातात ठेवली होती. “तूच ठेव. ते इसरत्यात,” एवढेच ती म्हणाली.

दाजींना दर दोन-तीन कोसांवर कोणीतरी बोलायला लागे. शेताच्या कडेला सायकल टेकवून ते बांधावर बसत आणि मी त्यांच्याजवळ थांबे. अहमदपूरला त्यांनी जेवण अर्धवट टाकले. त्यानंतर दोनदा थांबले.

“काय पाव्हणं, कट्टाळा आला का आमचा?” दुसऱ्यांदा त्यांनी विचारले.

“न्हाई, दाजी.”

“तोंड तर वरातीतल्या घोड्यावानी झालंय. अन् नवरदेव मी दिसून राहिलो!”

ते स्वतःच हसले. मी हसलो नाही. रागही नव्हता. राग आला असता तर बरे झाले असते, असे आज वाटते.

चाकूरच्या अलीकडे तिसऱ्यांदा त्यांची सायकल एका बाभळीला टेकलेली दिसली. ते खाली बसले होते. मला पाहून त्यांनी हात उचलला. मी तो हात ‘हो पुढं’ असा वाचला, कारण ते नेहमी तसाच हात हलवीत. मी पायडल थांबवले नाही. तो हात थांबण्यासाठी होता, हे मला त्याच क्षणी कळले होते का? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे, आणि ‘नाही’ असे निश्चित उत्तर मला एकदाही देता आलेले नाही.

चाकूरच्या हॉटेलासमोर म्होरक्या उभा होता. माझ्या सीटमागे नजर टाकून तो म्हणाला, “रुमाल आला. चला.” टेम्पो निघाला. दाजींची पिशवी आणि चार्जिंगला लावलेला त्यांचा फोन त्याच्यात होता. मला खोटे बोलावेदेखील लागले नाही. गप्प राहणे पुरेसे झाले. सगळे पुढे गेले आणि मी चहा सांगून बाकावर बसलो.

तेवढ्यात आक्काचा फोन आला.

“कुठवर आलाव रे?”

“चाकूरला.”

“अन् हे?”

“येऊन राहिले मागून.”

“जेवले का?”

“हाव.”

फोन खिशात ठेवताना बोटांना डबी लागली. मी ती बाहेर काढून बाकावर ठेवली आणि तिच्याकडे पाहत राहिलो. चहा आला. तो मी प्यालो नाही.

परतताना त्या दिवशी पहिल्यांदाच वारा पाठीशी आला. सायकल आपसूक धावत होती, आणि आपण किती दूर निघून आलो होतो ते त्या धावण्यातूनच समजत गेले. तरी छातीत धडधड नव्हती. दाजी पडले असतील, असे शब्द मनात येत होते. ते दुसऱ्याच कोणाविषयी असावेत तसे.

बाभळीखाली हरभरा काढणाऱ्या बायांचा घोळका होता. मधे दाजी, घामाने भिजलेले, गुळाचा खडा चघळत. हातातला पाण्याचा तांब्या थरथरत होता. एका वयस्क बाईने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

“तुमी यांचे कोन?”

“मेव्हणा.”

“अन् असं वाटंत सोडून गेलाव? मानूस हाय का गाठोडं?”

“न्हाई मावशी,” दाजी मधेच म्हणाले, “मीच म्हणलो त्याला, हो म्होरं.”

मी डबी उघडून पुढे केली. त्यांनी दोन खडे घेतले. पुन्हा आक्काचा फोन वाजला. मी तो त्यांच्या हाती दिला. “आगं, हाय की,” ते म्हणाले. “तुझा भाऊ सकाळधरनं चिकटून हाय मला. उवाबी चिकटत न्हाईत असा!” बाया हसल्या. मी जमिनीकडे पाहत राहिलो.

हात स्थिर होईपर्यंत आम्ही बसलो. उठल्यावर ते माझ्या सायकलीपाशी गेले, लाल रुमाल सोडला आणि आपल्या सीटमागे बांधला.

“आता मी मागं. हो पुढं.”

लातूरपर्यंत मी पुढे आणि ते मागे. दर थोड्या वेळाने मी वळून पाहत होतो. ते माझ्याकडे नव्हे, शेतांकडे पाहत येत होते. पुन्हा दुभाजक, पुन्हा हरभरा.

दिवस मावळताना मुक्कामी पोहोचलो. म्होरक्याने मला ओलांडून दाजींच्या सीटकडे पाहिले. “आला रुमाल. आले सगळे.”

“चाकूरला आले नव्हते,” मी म्हणालो. “दाजी मागे राहिले होते. मला ठाऊक होते. मी बोललो नाही.”

तो दाजींकडे वळून म्हणाला, “सर, तब्येत?”

“बेस. याला आधी जेवू घाला. लई दमलाय.”

आत जाताना मी डबी त्यांच्यापुढे धरली आणि म्हणालो, “ही आता तुमच्याचजवळ असू द्या.”

त्यांनी ती घेतली, उघडली, राहिलेले खडे पाहिले, झाकण घट्ट लावले आणि माझ्या तळहातावर परत ठेवली.

“तुझ्या बहिणीनं तुला दिलीय. मला न्हाई.”

तिथपासून किनाऱ्यापर्यंत ती माझ्या खिशात होती. पायडल मारताना दर फेऱ्याला खडे वाजत, आणि तो आवाज मला दिवसभर ऐकू येई.