किरणं आत, किस्से बाहेर

चंद्रपूरच्या आमच्या हॉस्पिटलात कॅन्सरवर किरणं देणारं मशीन आहे. मी तिथला टेक्निशियन. मशीनच्या खोलीच्या भिंती काँक्रीटच्या, दीड-दोन मीटर जाड! एकही किरण बाहेर पडत नाही. किस्से मात्र रोज पडतात.

*

आम्ही सगळे छातीवर बॅज लावतो. कुणाला किती रेडिएशन लागलं, ते त्यावरून कळतं. एकदा अटेंडंट शामरावभाऊंचा रिपोर्ट आला. डोस भलताच जास्त! चौकशी, रक्ततपासणी, घरी बायकोची रडारड. शेवटी कळलं, भाऊ बॅजसकट कोट मशीनच्या खोलीत टांगून चहाला जायचे!

"मंग बराबर हाये," भाऊ म्हणाले. "डोस कोटाले लागला. रक्त त्याचं तपासा!"

*

आमच्या फिजिसिस्ट मेश्राम मॅडम नर्सिंगच्या मुलींना शिकवत होत्या. "अल्फा किरण साध्या कागदानं अडतो. बीटाला पत्रा लागतो. गॅमाला जाड शिसं, नाहीतर काँक्रीट. पण अल्फा सोडणारी वस्तू पोटात गेली, तर सगळ्यात वाईट तीच!"

बाकावर गोंडपिपरीचे एक काका नंबरची वाट पाहत होते. ते हळूच म्हणाले, "कागदानं अडते? आमचं घरकुल बी कागदानंच अडून राह्यलं, बाई!"

*

राजुऱ्याचे वासुदेवभाऊ कोळसा खाणीतले. पहिल्या दिवशी घाबरलेले. मॅडमनी समजावलं, "किरण अणूतला इलेक्ट्रॉन उडवतात. त्यानं पेशी आतून तुटते. चांगली पेशी सावरते, कॅन्सरची सावरत नाही."

"म्हंजे ब्लास्टिंगच!" भाऊ खूश झाले.

त्यांना टेबलावर झोपवून आम्ही बाहेर आलो. दार बंद झालं, तसा स्पीकरवर आवाज आला, "ओ भाऊ! ब्लास्टिंगले सगळेच पळतेत. इथी तुमी पळाले, अन् मले काऊन ठेवलं?"

*

घुग्घुसच्या सकूबाईंच्या घशाला किरणं चालू होती. अर्ध्यावर आल्यावर त्या अडूनच बसल्या. "मले नाई पाह्यजे आता."

घरी सून तान्ह्या नातीला जवळ येऊ देत नव्हती. आईंच्या अंगातून किरणं निघतात म्हणे!

"नात मांडीवर येत नाई, तं बरी होऊन का करू?"

मॅडमनी सुनेला बाळासकट बोलावलं. रेडिएशन मोजायचं यंत्र सकूबाईंच्या गळ्याजवळ धरलं. टिक... टिक... सून दोन पावलं मागे सरली. मॅडमनी यंत्र भिंतीला लावलं. टिक... टिक... मग सुनेच्या हाताला. तितकंच.

"हे सगळीकडेच असतं," मॅडम म्हणाल्या. "मशीन बंद झालं की यांच्या अंगात काही उरत नाही."

सून पुढे आली. तिनं बाळ सकूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

यंत्र चालूच होतं.

जरा वेळानं सकूबाईंनी मान वर केली.

"ते टिकटिक बंद करा ना, बाई. पोरगी झोपून राह्यली."