डोकं हललं की गोष्ट थांबते

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर ज्याचं सलून आहे त्याला सगळे रेडिओ म्हणतात. खरं नाव पाटीवर आहे, पण पाटी कोण वाचतं? कात्री उचलली की हा माणूस बोलायला लागतो आणि कात्री ठेवली तरी थांबत नाही. माझ्या डोक्यावर आता कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही. तरी मी जातो. तोंड तर मला घरीही उघडू देत नाहीत, पण इथे निदान मान चोळून मिळते.

लहान मुलांसाठी त्याच्याकडे एकच गोष्ट होती. खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकायची, मूल बसवायचं, गळ्याला कापड बांधायचं आणि सुरू. एका डोक्यावरचे दोन कान भांडले. डावा म्हणाला, सगळी बोलणी मीच खातो, आणि घर सोडून निघाला. नियम एकच: डोकं हललं की गोष्ट थांबते. भलीभली द्वाड पोरं आपापला डावा कान सांभाळत गप बसून राहायची. केस संपले की गोष्ट संपली. ‘मग?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "पुढच्या वेळी." पुढच्या वेळी कान पहिल्यापासून भांडायचे.

मग पोरांच्या हातात फोन आले. आई मुलाला फळीवर बसवते, फोन देते, काम फत्ते. मुलाची हनुवटी छातीला टेकते. मागचे केस झकास कापता येतात, पुढचे कापायला रेडिओला गुडघ्यावर बसावं लागतं. मूल रडत नाही, हलत नाही, केस कोण कापतंय हेही बघत नाही. रेडिओने दोनचारदा कान भांडायला लावले, तर एका मुलाने वर न बघता फोनचा आवाज वाढवला. रेडिओला वाईट वाटलं का? छे. धंदा जोरात होता. त्याने स्वतःच आरशाच्या कडेला एक जुना फोन अडकवला आणि गोष्ट बंद केली.

त्याच फोनवर त्याची नात वाढली. त्याची मुलगी कामावर जाताना लेकीला दुकानात सोडायची, आणि वस्तऱ्या-कात्र्यांत रांगणारं पोर फोनसमोर ठेवलं की जागचं हलत नसे. येणारा-जाणारा म्हणायचा, किती गुणी! गुणी पोर तीन वर्षांची होत आली तरी एक शब्द बोलेना. रेडिओची नात मुकी, यावर गल्लीत विनोद झाले. मला ते आवडले नाहीत आणि एकदोघांना मी तसं सुनावलंही.

डॉक्टरीणबाईंनी कान तपासले. दोन्ही ठणठणीत. "ऐकू सगळं येतं हिला," त्या म्हणाल्या. "पण आवाज आला म्हणजे आपल्याशी कुणीतरी बोलतंय, हे तिला माहीतच नाही. फोन बंद करा आणि बोला तिच्याशी." बोला म्हणे, आणि तेही कुणाला!

रेडिओने फोन खणात टाकला. पहिले काही दिवस तिने दुकान डोक्यावर घेतलं, गिऱ्हाइकं कानात बोटं घालून दाढी करून घेत होती. मग ती दमली आणि रेडिओ तिच्यासमोर बसून बोलायला लागला. फणी, साबण, गिऱ्हाइकांच्या भानगडी, सुचेल ते. ती जरा वेळ बघायची आणि बोट पुढे करून त्याच्या एप्रनचा खालचा कोपरा दाबायची. तो बोलतच राहिला तर आणखी जोरात.

"लाडात आलीय," रेडिओ मला म्हणाला. मी तेव्हा खुर्चीत होतो, अर्ध्या गालाला फेस.

तिला न्यायला आलेली त्याची मुलगी दारातच थांबली. "बाबा, लाड नाहीत ते," ती म्हणाली. "फोनवर जाहिरात आली की ती खालच्या कोपऱ्यातच दाबायची. तुम्हाला स्किप करतेय ती."

रेडिओने माझा उरलेला गाल केला, कापड झटकलं, मान चोळली. सगळं न बोलता. त्या दुकानात घड्याळ टिकटिकतं हे मला इतक्या वर्षांनी कळलं, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर फळीवर नात बसलेली. केस डोळ्यांवर आलेले. रेडिओने एप्रन काढून खुंटीला लावला होता. "दाबायला काही ठेवलंच नाही," तो मला म्हणाला आणि कात्री उचलली.

"एका डोक्यावर दोन कान होते." कात्री डाव्या कानाला गार लागली असावी, ती दचकली. "डावा म्हणाला, मी चाललो." तिने मान वळवली. गोष्ट थांबली.

तिने एप्रन शोधला. नव्हता. कापडाखालून हात काढून आरशाचा कोपरा दाबला. आरशात रेडिओ कात्री उचलून, तोंड मिटून उभा. तोंड मिटून धरताना त्याला घाम फुटला होता. शेवटी ती सरळ बसली. डावा कान खांद्यावर उतरला. पुन्हा मान हलली, पुन्हा कान अडकला. असं करत करत तो दाराबाहेर गेला तेव्हा केस संपले, आणि रेडिओ सवयीने फळी काढायला वाकला.

ती उतरेना. डावा कान मुठीत घट्ट धरून आरशातून त्याच्याकडे बघत होती.

"मग?" ती म्हणाली.

ठरलेलं उत्तर रेडिओच्या तोंडाशी आलं असणार. पण त्याने ते गिळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. कान पुढे कुठे गेला हे मला तरी कुठे ठाऊक!

मग त्याने कात्री पुन्हा उचलली आणि कापायला काही उरलेलं नसताना तिच्या डोक्याभोवती नुसती हवेतच कचकच चालवत राहिला.

"मग," तो म्हणाला, "मग त्या कानाला घरची आठवण आली."