साधी गोळी

माझा मामा घड्याळं दुरुस्त करायचा. लोक मोबाइलवर वेळ बघायला लागले तसं त्याने दुकान बंद केलं आणि माणसं दुरुस्त करायला घेतली. गल्ली त्याला डॉक्टरमामा म्हणायची. यात कुणालाच काही विनोदी वाटत नसे, मामाला तर मुळीच नाही.

शिक्षण म्हणाल तर मोबाइलवरचे व्हिडिओ. कुणी एक गृहस्थ उंटावरून शेळ्या हाकायचे आणि मामा मान डोलवायचा. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला माहितीचा कागद असतो, तो मात्र डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली जायचा. म्हणे अक्षर बारीक असतं. डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू बसवणाऱ्या माणसाला अक्षर बारीक!

त्याच्या शास्त्रात औषधांच्या दोनच जाती होत्या. चिठ्ठीवर मिळते ती डॉक्टरची, चिठ्ठीशिवाय मिळते ती साधी. साधी गोळी औषधात धरायची नाही, हा नियम आमच्या अख्ख्या घराने पाठ केला होता. पट्टी आणली की मामा कात्रीने तिचे एकेका गोळीचे चौकोन कापायचा आणि घड्याळाच्या सुट्या भागांच्या जुन्या डब्यांत भरायचा. डब्यांवर सुबक अक्षरात लिहिलेलं असे : ‘डोकं’, ‘पोट’, ‘गुडघा’. गोळीचं नाव कापताना जायचं, एका चौकोनावर शेंडा आणि दुसऱ्यावर बुडखा. नावाशी काय करायचंय, काम झाल्याशी मतलब, असं तो म्हणायचा.

मामीला हृदयाचं दुखणं झाल्यापासून रक्त पातळ करायची गोळी होती. ती डॉक्टरची, म्हणून देवासारखी वेळेवर. पुढे तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मामाने ‘गुडघा’ डबी तिच्या पर्समध्येच टाकून दिली. महिनाभरात मामी पांढरीफटक पडली, शौचाला काळं डांबरासारखं व्हायला लागलं. मामाने व्हिडिओ बघून निदान केलं, पालक जास्त झाला. मग एके सकाळी ती पलंगावरून उठेचना. मामाला विचारत बसले असते तर त्यावरही त्याने साधी पुढे केली असती, म्हणून मी सरळ रिक्षा बोलावली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले आणि ही एक गोळी सोडून आणखी काही घेता का, असं विचारलं. मामा म्हणाला, काही नाही. मामीनेही मान हलवली. बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा मामी पुटपुटली, “औषध नाही हो. आपली साधी घेते.”

“साधी म्हणजे कुठली?”

अख्ख्या गल्लीला गोळ्या वाटणाऱ्या माणसाला एका गोळीचं नाव येत नव्हतं.

मला त्याचा इतका राग आला होता की मी मामीच्या पर्समधली डबी उघडून त्याच्यापुढे टेबलावर पालथीच केली. मामाने खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. तो चौकोन उलटसुलट करून कापलेल्या कडा एकमेकींना जुळवू लागला. शेवटी एक नाव जुळलं. बाईंनी ते वाचलं आणि नर्सला हाक मारली. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ही दुखण्यावरची गोळी रोज पोटात गेल्याने आतून रक्त जात होतं. रक्ताच्या बाटल्या लागल्या, पण मामी वाचली.

घरी सोडायच्या दिवशी बाईंनी मामीला सगळं समजावलं. मग सहज मामाकडे वळून विचारलं, “आणि तुम्ही? तुम्ही काही औषध घेता?”

“छे, काही नाही,” मामा सवयीने म्हणाला.

मामी त्याच्याकडे बघत राहिली. मामाने खाली बघितलं. शर्टाच्या खिशात बोटं घालून त्याने एक चंदेरी चौकोन काढला आणि टेबलावरून हळूच पुढे सरकवला.

“हिच्या हृदयाच्या दुखण्यापासून रोज घेतो, झोप लागायला,” तो म्हणाला. “ही कसली आहे, मला माहीत नाही.”