मावससासूबाईंनी जीप घेतली

माझ्या मावससासूबाईंनी जितक्या जुन्या जीपगाड्या नापास केल्या, तितक्या त्या काळी अख्ख्या भंडारा जिल्ह्यात होत्या तरी का, अशी मला आजही शंका येते. ठेकेदारांच्या, खाणवाल्यांच्या, सरकारी लिलावात सुटलेल्या, लष्कराने टाकून दिलेल्या, कुणाच्या तरी गोठ्यात कोंबड्यांनी ताबा घेतलेल्या, अशा सगळ्या जातींच्या जीपा त्यांनी पाहिल्या आणि मागे फिरल्या. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मावशी सिहोऱ्याच्या, घरी धानाची शेती. गाडी चालवणं सोडाच, मोटारीत बसण्याचे प्रसंगही त्यांच्या वाट्याला लग्नकार्यापुरतेच आलेले. मी भंडाऱ्याला पाटबंधारे खात्यात होतो आणि आमच्या ऑफिसला जीप होती, एवढ्यावरून मला गाडीतलं फार कळतं असा सासरी एक गैरसमज होता. म्हणून प्रत्येक पाहणीला मावशी मला सोबत नेत. मी इंजिनाबद्दल काही सांगू लागलो की म्हणत, "ते तुमी पाहा जवाईबुवा, मी माह्यं पायतो."

जीप कशासाठी हवी होती ते आधी सांगायला हवं. मावशींची एकुलती लेक शकू. लहानपणी पोलिओने तिचा उजवा पाय गेला. लोखंडी सळ्या आणि कातडी पट्टे यांच्या आधारावर, पाय ताठ ठेवून ती चालायची. पोरगी हुशार. मॅट्रिक झाली आणि तुमसरच्या कॉलेजात नाव घातलं. पण एसटीची पायरी तिच्यासाठी म्हणजे एक भिंतच. कुणीतरी वरून दंड धरून ओढायचं, कुणीतरी खालून ढकलायचं, आणि अख्खी बस बघत राहायची. एके दिवशी तिचा हात सुटला आणि ती स्टँडवर सगळ्यांसमोर पडली. लागलं फारसं नाही. घरी येऊन तिने पुस्तकं फळीवर ठेवली आणि म्हणाली, "माय, मी आता नाही जात." मावशींनी तिला ना रागावलं ना समजावलं. संध्याकाळी नवऱ्याला वाढता वाढता एवढंच म्हणाल्या, "आपल्याले जीप घ्याची हाये." मावशींचे यजमान अबोल माणूस. त्यांनी घास तसाच हातात धरून बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "भाजी उरली का?" त्या घरात यालाच होकार म्हणत.

जुनी गाडी कशी पाहावी याबद्दल मी त्यांना सुरुवातीला चार गोष्टी सांगितल्या, ही माझी चूक म्हणा की पुण्याई. विकणारा लबाड असेल तर गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे मग गाडी पटकन सुरू होते. म्हणून आधी बोनेटवर हात ठेवून पाहायचा, असं मी म्हणालो होतो. मावशींनी त्याचं व्रतच केलं. नमस्कार-चमत्कार, पाणी, सगळं नंतर. आधी सरळ गाडीपाशी जाऊन बोनेटवर तळहात. एका ठेकेदाराकडे आम्ही भर वैशाखात गेलो. जीप अंगणात उन्हात उभी. मावशींनी हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला, कारण चटकाच बसला होता. "हिले अगोदरच उठवून ठेवलं," असं म्हणून त्या निघाल्या. ठेकेदार मागे धावला, "बाई, उन्हानं तापली जी ते! सकाळपासून चाबी नाही लावली!" मावशी फाटकात थांबून म्हणाल्या, "मंग सावलीत ठेवा. मी उद्या येतो." आणि खरंच गेल्या. जीप सावलीत होती, बोनेट थंड होतं, फक्त ती काही केल्या सुरू झाली नाही.

कारध्याला एक जीप होती तिचा मात्र मलाही मोह पडला. हिरवागार नवा रंग, नव्या गाद्या, टायरही बरे. मी मनातल्या मनात ती सिहोऱ्याला पोचवलीसुद्धा. मावशींनी मागची गादी उचलली, खाली वाकल्या आणि नुसता वास घेतला. मालकाने विचारलं, काय पाहता? मावशी म्हणाल्या, "गाळाचा वास येऊन राहिला." तो म्हणाला, परवाच धुतली आहे, ओल राहिली असेल. मावशींनी त्याच्याशी वाद घातला नाही. शेजारच्या आवारात एक ढिवरीण जाळं वाळत घालत होती, तिच्याकडे गेल्या, तिची लेकरं किती, मासळी कशी, सगळं विचारलं आणि मग सहज म्हणाल्या, "बाई, मागच्या पुरात हे जीप कुठं होती वो?" ती बाई जाळं न सोडता म्हणाली, "कुठं राहीन? इथंच. माह्या छपराले पानी लागलं होतं, तवा गाडी का झाडावर चढन?" मालक एकदम घरात काहीतरी आणायला गेला. आम्ही पूल ओलांडून परतलो तेव्हा खाली वैनगंगा शांत वाहत होती.

पण हे सगळं वरवरचं. मावशींची खरी परीक्षा पुढे असे, आणि ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. त्यांच्या पिशवीत बांबूच्या दोन कामट्या आणि जुन्या लुगड्याची लांब पट्टी असायची. गाडीमागे जाऊन त्या जमिनीवर बसत, आपल्या उजव्या पायाला दोन्ही बाजूंनी कामट्या लावून गुडघ्यावरून पट्टी करकचून बांधत आणि तो ताठ पाय घेऊन कुणाचाही हात न धरता जीपमध्ये चढायला बघत. पन्नाशीला आलेली बाई. कधी मागच्या फाळक्याशी अडकायच्या, कधी धरायला काही न सापडून खाली घसरायच्या. मालक लोक घाबरून जात. एकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाईले काही होते काय?" परतताना मी म्हणालो, "मावशी, त्यापेक्षा शकूलाच आणू ना सोबत. तिला जमतं की नाही, लगेच कळेल." मावशी चालता चालता थांबल्या. "पोरीले हरेकाच्या दारात चढवून दाखवू काय?" एवढंच बोलल्या. पुढच्या वेळेपासून पट्टीची गाठ मीच बांधून देऊ लागलो.

असे महिने गेले. गावात थट्टा सुरू झाली. सिहोऱ्याच्या बाजारात लोक मावशींच्या यजमानांना विचारत, "काय पाटील, आता उडाचं इमान घेता का?" ते बैलांच्या पाठीवर थाप मारून पुढे जात. शकू घरी शिवणाच्या मशीनवर बसू लागली होती. कॉलेजचं नाव काढत नव्हती, आणि ती नाव काढत नाही हे मावशींना जास्त लागत होतं.

शेवटी बपेऱ्याला एका तेंदूपानाच्या ठेकेदाराकडची जीप कळली. ती पाहताच मला हायसं वाटलं, कारण नापास करायला लागेल ते सगळंच हिच्यात होतं. पत्रा गंजलेला, स्टेअरिंग ढिलं, दुसरा गिअर आपोआप सुटायचा, खाली तेलाचं थारोळं आणि धूर असा निळा की इंजिन उघडायची गरजच नव्हती. पण ठेकेदाराची म्हातारी आई वजनाने जड होती. तिच्यासाठी त्याने मागच्या बाजूला लोहाराकडून एक रुंद, बुटकी पायरी जोडून घेतली होती आणि दोन्ही अंगांना धरायला लोखंडी दांडे बसवले होते. मावशी बोनेटकडे गेल्याच नाहीत. सरळ मागे गेल्या. मी गाठ बांधली. त्यांनी दांडा धरला, डावा पाय पायरीवर ठेवला, ताठ पाय मागून उचलून घेतला आणि आत जाऊन बसल्या. मग पाय लांब करून पाहिला. पसरायला जागा होती. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. मी आत डोकावलो तर पदर डोळ्याला लावून बसलेल्या. मी गाडीचे दोष सांगायला सुरुवात केली. त्यांनी सगळे ऐकले आणि विचारलं, "हे दुरुस्त होते काय?"

"होतं, पण…"

"मंग पन कायले?"

मावशींच्या यजमानांना मी कापणी झालेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांधाआतल्या मोकळ्या शेतात, गाडी शिकवली. बैलांना बोलावं तसे ते जीपशी बोलत आणि बैलांइतक्याच वेगाने ती हाकत. पहिल्या दिवशी शकू कॉलेजला निघाली तेव्हा अर्धं गाव ओट्यांवर जमलं होतं. "कोनी हात लावाचा नाही," मावशींनी आम्हाला बजावलं होतं. शकूने दांडा धरला, पाय टाकला आणि तिचा हात घसरला. माझा हात आपोआप पुढे गेला. मावशींनी तो झटकला, तोंड फिरवलं आणि अंगणातल्या कोंबड्यांना मोठ्यामोठ्याने शिव्या द्यायला लागल्या. त्या शिव्या संपल्या तेव्हा शकू आत बसलेली होती. म्हणाली, "माय, कोंबड्याईले सोड, उशीर होऊन राहिला." मग अर्थातच जीप सुरू झाली नाही. ओट्यांवरचे थट्टेखोर खाली उतरले आणि त्यांनीच ती गावाबाहेरपर्यंत ढकलत नेली.

पुढच्या आठवड्यात मावशींनी गावातल्या आणखी पोरींची घरं गाठली. एसटीच्या गर्दीत पाठवायला नको म्हणून ज्यांना घरी बसवलं होतं, त्या पोरी जीपमध्ये बसू लागल्या. "माही एकटी जाते, तिले सोबत पायजे," असं मावशी आयांना सांगत, जणू उपकार त्या आयाच करणार होत्या. चार पोरींची जागा, पण जाताना आतून आठ-दहा वेण्या दिसत.

शकू शिकली. भंडाऱ्याला शाळेत लागली, शाळेजवळच खोली घेतली आणि तीनचाकी सायकलवरून एकटी हिंडू लागली. बाकीच्या पोरींची लग्नं झाली. जीप अंगणात उभी राहिली. विकायला काढली, तर येणाऱ्या प्रत्येकाला मावशी स्वतःच गाडीच्या खोडी सांगत बसायच्या, आणि गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जायचं. अखेर एका लाकडाच्या व्यापाऱ्याने ती नेली. त्या दिवशी मी तिथंच होतो. जीप नाक्यावर वळली, आवाज ऐकू येईनासा झाला, तरी मावशी दारात उभ्या होत्या. यजमान म्हणाले, "चाल, अंगन मोकळं झालं."

"हो," मावशी म्हणाल्या, "धान वाळवाले जागा झाली."

त्या वर्षी दिवाळीनंतर मी सिहोऱ्याला गेलो. धान भरपूर झालं होतं. मागे परसात, गोठ्यासमोर, ओट्यावर सगळीकडे पसरलेलं होतं. अंगणातली तेवढी जागा मावशींनी सारवून रिकामी ठेवली होती.