साडेसहाची बस

सोमवार, ९ मार्च. शहराची सुट्टी. ८.४० घराबाहेर. घड्याळाचा मनोरा, १६८ पायऱ्या. संग्रहालय, दोन मजले. जेवण बागेत. नंतर बंदर. ३ वाजता नाटक, ६.३० ला धाकटीची बस. धाकटी सकाळपासून गप्प. बूट चावत असावा.

नाटकगृहाच्या पायरीवर बसून थोरलीने एवढं लिहिलं आणि वही पर्समध्ये टाकली. शेजारी बसलेल्या धाकटीला बूट अजिबात चावत नव्हता.

धाकटीने इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं काढली. चादरी धुवायच्या, वाळवायच्या, दोघी-दोघींनी चार टोकं धरून घड्या घालायच्या. यंत्रांच्या घरघरीत सगळा जन्म गेला, नवरा गेला, मुलाचं लग्न झालं. चार दिवसांपूर्वी ती बहिणीकडे पाहुणी म्हणून आली. बॅग सुनेने भरून दिली होती. पहिल्याच रात्री ती उघडली, तर तळाशी स्वेटरात गुंडाळलेली नवऱ्याची तसबीर, आणि तिच्या औषधपाण्याची सगळी फाईल. चार दिवसांसाठी कोणी तसबीर बांधून देतं का? मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, सध्या तिकडेच बघ काहीतरी."

ताईला कसं सांगावं हे तिला सुचेना. ताई कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घड्याळाच्या काट्यावर चालणारी. पाहुणीचं मन रमावं म्हणून तिने आजचा दिवस कागदावर मिनिटामिनिटाने आखला होता.

मनोऱ्याच्या जिन्यात धाकटी म्हणाली, "ताई, जरा बोलायचं होतं."

"चढताना बोलू नये, धाप लागते. वर गेल्यावर बोल."

वर माहिती सांगणारा माणूस होता. तो काही श्वास घेईना. संग्रहालयात शांतता राखायची होती. बागेत ताई म्हणाली, "आधी जेव. तुझं नेहमीचंच, घास तोंडात आणि गोष्ट गावभर." बंदरावर वाऱ्याने शब्दच पळवले. धाकटीने घड्याळ बघितलं. साडेसहाला ताई तिला बसमध्ये बसवणार, हात हलवणार, आणि पलीकडे उतरून जायचं कुठे?

नाटक सुरू झालं. पहिला अंक संपला, दुसरा लागला. नटी खुर्चीत बसून कुणाचं तरी पत्र मनातल्या मनात वाचत होती. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून धाकटी ताईच्या कानाशी लागली.

पण एकतीस वर्षं यंत्रांच्या वरताण बोललेल्या बाईची कुजबुज ती. शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

"ताई, मला घरी घेणार नाहीत. आमच्या ह्यांची तसबीरसुद्धा बॅगेत घालून पाठवलीय. मी कुठे जाऊ?"

नटीने पत्रातून मान वर केली. मागून एक गृहस्थ म्हणाले, "आजी, तुमचं आटपलं की सांगा, मग आमचं चालू करू." कोणीतरी हसलं. धाकटीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ताईने आयुष्यात कुठलंही पुस्तक की नाटक अर्धं टाकलं नव्हतं. ती म्हणाली, "ऊठ." लोकांच्या गुडघ्यांवरून दोघी बाहेर आल्या.

फुटपाथवर ताई बोलली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता.

"चार दिवस माझ्या घरात होतीस. आज सकाळपासून बरोबर आहेस. आधी बोलायला काय झालं होतं?"

"तुझ्या कागदावर जागा कुठे होती?"

ताईचा चेहरा उतरला. बसस्थानकाचं वळण आलं. धाकटीचे पाय तिथेच अडखळले, तशी ताईने तिचा दंड धरला आणि सरळ पुढे चालू लागली.

"रडायचं असेल तर चालता चालता रड," ती म्हणाली. "सहाला दुकानं बंद होतात, आणि तुला अंथरूण लागेल."

त्या संध्याकाळी थोरलीने वहीत लिहिलं: मागच्या खोलीत पलंग लावला. त्याचा एक पाय हलतो, खाली पुठ्ठा घातला.