डेझी आणि फ्लेक्स

मेहनाजमॅडमशी माझं बावीस वर्षांत एकदाही पटलं नाही. कोथरूडच्या आमच्या क्लासमध्ये त्या इंग्रजी शिकवत, मी गणित. माझ्या फळ्यावरची शुद्धलेखनाची चूक त्या येता-जाता दुरुस्त करत आणि माझ्याकडे बघतही नसत. अशा बाईचा राग येणार नाही तर काय?

जूनमध्ये मालक आमोदने चौकात फ्लेक्स लावला. मध्ये स्वतःचा हसरा फोटो, खाली अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, 'आमच्या नोट्स ॲज फ्रेश ॲज अ डेझी!' दुसऱ्याच दिवशी मॅडमनी दहावीला तो चुकीच्या वापराचं उदाहरण म्हणून शिकवला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"डेझीचं फूल रात्री मिटतं, सकाळी उमलतं. म्हणून दमायला हवं होतं तरी टवटवीत दिसणाऱ्या माणसाला असं म्हणतात. नोट्स काय रात्री झोपतात? आणि 'फ्रेश होऊन येते' म्हणत तुम्ही बाथरूमला पळता, ते फ्रेशही हे नव्हे."

पोरं खिदळली. फ्लेक्सचं घरोघरी हसं झालं आणि ते आमोदच्या कानावर गेलं.

त्याने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, उद्या क्लासमध्ये सांगा, फ्लेक्स करेक्ट आहे. नाहीतर परवापासून येऊ नका. सर, तुम्ही सांगा, काय चूक आहे त्यात?"

मॅडमच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच, हे मला माहीत होतं. चूक काय, तेही माहीत होतं.

"मी गणिताचा," मी म्हणालो.

तेव्हा मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं, "आमोदसरांच्या मते फ्लेक्स बरोबर आहे. ज्यांना बोर्डाची परीक्षा द्यायचीय, त्यांनी माझं लिहा. ज्यांना फ्लेक्स छापायचेत, त्यांनी सरांचं." संध्याकाळी पर्स उचलून त्या वारज्याच्या बसला गेल्या, त्या कायमच्याच.

आमोदने इंग्रजी माझ्या गळ्यात घातलं. मी निर्लज्जासारखं घेतलंही. दहावीच्या पहिल्याच तासाला ऋतिका नावाच्या मुलीने विचारलं, "सर, नोट्सना फ्रेश ॲज अ डेझी म्हणतात का?"

आमोद दारात उभा होता.

"म्हणतात," मी म्हणालो.

चाळीस पोरांपैकी एकानेही ते वहीत लिहून घेतलं नाही.