मी न केलेला फोन

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की हसून उठून जाणारी बाई मी. यवतमाळला एका खासगी हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागात नर्स आहे. रक्त, मशीन, रिपोर्ट... आमचा विश्वास एवढ्यावरच. तरी हे लिहितेय, कारण यात मीच अडकलेय.

पंचफुलामावशी कळंबजवळच्या खेड्यातून डायलिसिसला यायच्या, सोबत नवरा, भीमरावकाका. सुया टोचण्यासाठी हातात ऑपरेशन करून केलेली शीर, म्हणजे फिस्टुला, अजून तयार झाली नव्हती. म्हणून छातीतून मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर काम चाललं होतं. नळीची टोपणं उघडताना दोघींनी मास्क लावायचा आणि बोलायचं नाही. मावशींना तेच जड जायचं.

"सुई टोच, पन मले चूप नोको बसवू वं माय!"

माझी टेप ठरलेली — नळी ओली करू नका, डायलिसिसवाल्यांशिवाय कोणाला हात लावू देऊ नका, थंडी वाजून ताप आला तर थेट इकडे या.

एका दुपारी दोघं अचानक ऑटोतून उतरले. मावशी कुडकुडत होत्या. काका म्हणाले, "सिस्टर, तुमचा फोन आला म्हून बरं झालं!"

"कोणता फोन?"

झालं होतं ते असं. ताप पाहून काका घाबरले आणि मावशींना जवळच्याच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर बाहेर गेलेले. हाताला शीर सापडेना, तेव्हा कंपाउंडर म्हणाला, "हे नळी हाये ना, इच्यातूनच सलाईन लावतो." काका नको-नको म्हणत होते, पण ऐकतो कोण! तो टोपणाला हात लावणार तोच काकांचा मोबाईल वाजला. स्पीकरवर माझा आवाज — "काका, नळी उघडू देऊ नका! मावशींना आत्ताच्या आत्ता इकडे आणा!" कंपाउंडरने हात मागे घेतला.

त्या वेळी मी ग्लोव्हज घालून दुसऱ्या पेशंटला मशीनवर घेत होते, मोबाईल लॉकरमध्ये. काकांच्या फोनमध्ये पाहिलं, तर सकाळचा जावयाचा कॉल... त्यानंतर काहीच नाही. आणि ताप आल्याचं मला सांगितलं तरी कोणी?

पण विचार करायला वेळ नव्हता. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, अँटिबायोटिक सुरू केलं. जंतुसंसर्ग नळीतूनच झाला होता. नळी बदलावी लागली. काही दिवस आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला होता. मग एका सकाळी मावशी उठून बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, जेवाले काय हाये?"

आता फिस्टुला छान चालतो, नळी निघाली. बडबडीला मोकळं रान! नव्या पेशंटला माझी ओळख करून देतात, "हे पोरगी फोन न लावता बोलते!" सगळे हसतात, मीही हसते. घाबरलेल्या काकांना माझं रोजचं बोलणं आठवलं असेल, भास झाला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

परवा विभागाबाहेरच्या गर्दीत मी एका पेशंटचं नाव पुकारलं. बाकावरचा एक अनोळखी माणूस उठून जवळ आला.

"म्याडम, पंचफुलाबाईसाठी फोन तुम्हीच केलता ना? मी त्या दवाखान्यातला कंपाउंडर. आवाज लगेच ओळखला."

आम्ही त्याआधी कधीच भेटलो नव्हतो. म्हणजे तो काकांचा भास नव्हता. मी सरळ "हो" म्हणून टाकलं.